काका, तुमचे घोडे अजून घरीच आहेत

सांगलीत हॉस्टेलला असताना मी बुद्धिबळ शिकलो, ते रात्री मेसमधून जेवून आल्यावर. कॉरिडॉरच्या टोकाला पट मांडलेला असायचा आणि हरणारा उठायचा, जिंकणारा बसून राहायचा. मी बराच वेळ बसून राहायचो, कारण मला एक नेमकी गोष्ट यायची. (पटाचे उभे स्तंभ पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८, त्यावरून घराचं नाव; नुसतं घराचं नाव घेतलं की ती प्याद्याची चाल.) राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे, मग वजीर तिरका एच५वर, मग उंट सी४वर, आणि चौथ्या चालीला वजिरानं एफ७वरचं प्यादं मारून मात. एफ७ हे काळ्याचं सुरुवातीचं सर्वांत कच्चं घर, त्याला राजाशिवाय कुणाचाच आधार नसतो. समोरच्याला हे माहीत नसेल तर दोन मिनिटांत डाव खलास.

वर्षभर मी असाच जिंकलो. पुढे फोनवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळायला लागलो तेव्हाही अधूनमधून कुणी ना कुणी त्यात सापडायचंच. नव्यानं खेळायला लागलेल्यांसाठी आज हे लिहितोय ते याच कारणानं. ही युक्ती चालते, वारंवार चालते, आणि जोवर चालते तोवर आपण शिकायचे थांबतो. माझं एक अख्खं वर्ष त्यात गेलं, हे मला फार उशिरा कळलं.

कळलं ते पहिल्या खऱ्या स्पर्धेत. शाळेच्या हॉलमध्ये लांब टेबलं लावलेली, प्रत्येक पटाशेजारी घड्याळ, चाली लिहायला कागद. मोठ्या वयात स्पर्धेला उतरणाऱ्या प्रत्येकाला जो अनुभव येतो तो मलाही आला: समोर नऊ-दहा वर्षांची मुलगी. खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती, म्हणजे पट वरून दिसावा म्हणून. मी पांढऱ्यानं खेळत होतो. ई४, ई५. मी वजीर एच५वर नेला. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, घोडा सी६वर ठेवला, आणि पेन्सिलीनं चाल लिहिली. मी उंट सी४वर. तिनं जी६, प्यादं एक घर पुढे. वजिरावर हल्ला. मी वजीर एफ३वर घेतला, पुन्हा एफ७वर मातेची धमकी. तिनं दुसरा घोडा एफ६वर आणून वाट बंद केली. मी वजीर बी३वर नेला, उंटाच्या मागे, की दोघं मिळून एफ७वर तुटून पडतील. तिचा सी६चा घोडा उडी मारून डी४वर आला. पुन्हा वजिरावर हल्ला. वजीर सी३वर.

मग तिनं डी५ खेळलं. माझ्या उंटावर प्याद्याचा मारा. मी ते प्यादं उंटानं खाल्लं, तिनं घोड्यानं उंट मारला (आणि तो घोडा पुन्हा वजिरावरच नेम धरून बसला), मी प्याद्यानं घोडा मारला. मनात हिशेब केला, एक प्यादं वर आहे. बरं वाटलं. तिनं उंट एफ५वर काढला. आता घोड्यानं सी२ खाऊन शह द्यायचा तिचा बेत होता. वजिरानं घोडा मारला असता तर उंटानं वजीर घेतला असता. म्हणून मी डी३ खेळून उंटाची वाट अडवली. ती थांबली. दोन्ही हात मांडीखाली घालून पटाकडे पाहत राहिली. मग दुसरा उंट सरळ बी४वर आणून ठेवला आणि तो घराच्या मधोमध यावा म्हणून बोटानं किंचित सरकवला.

माझा वजीर जखडला होता, मागे राजा. उंट मारण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी मारला. तिच्या घोड्यानं सी२ खाऊन राजाला शह दिला, त्याच उडीत बी४वरच्या वजिरावरही नेम. अकराव्या चालीला वजीर पटाबाहेर.

पुढे पंधरा-वीस चाली मी ओढल्या, पण डाव तिथंच संपला होता. सही करताना तिनं पट पुन्हा मांडला, नवव्या चालीपर्यंत भराभर, आणि मला म्हणाली, "काका, तुमचे घोडे अजून घरीच आहेत." एवढंच. तिच्या बोलण्यात चिडवणं नव्हतं. तिला ते खरंच दिसत होतं, मला दिसत नव्हतं.

त्या रात्री मी कागद समोर घेऊन मोजलं. दहा चालींत माझा वजीर पाच वेळा हलला. घोडे दोन्ही मूळ घरात, काळ्या घरांचा उंट मूळ घरात, हत्ती अर्थातच जागेवर, राजा उघडा. तिच्या पहिल्या नऊ चालींपैकी चार चालींनी वजिरावर थेट हल्ला केला होता. आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक चाल तिला एरवीही खेळायचीच होती! घोडे मध्यावर आणायचेच होते, उंट बाहेर काढायचेच होते. फक्त माझा वजीर समोर असल्यामुळे ही कामं फुकटात झाली. ती आपला संसार मांडत होती आणि मी दर वेळी उठून पळत होतो.

लवकर वजीर काढण्यातला खरा तोटा हा आहे. बहुतेक पुस्तकं आणि शिक्षक "वजीर लवकर काढू नका" एवढंच सांगतात आणि मुलं ते पाठ करतात. का नाही, हे समजलं तर नियम पाठ करावा लागत नाही. वजिराची किंमत ढोबळमानानं नऊ, हत्तीची पाच, उंट-घोड्याची तीन-तीन, प्याद्याची एक. म्हणून वजिरावर कुणीही हल्ला केला तरी पळावं लागतं ते वजिरालाच; आधार असला तरी उपयोग नाही, कारण तीनच्या बदल्यात नऊ कोण देईल? घोड्यावर घोडा आला तर आपण निवांत असतो. वजिरावर घोडा आला की आपली पुढची चाल समोरच्यानं ठरवलेली असते. सुरुवातीच्या दहा-बारा चालींत चाल हीच संपत्ती.

एक गोष्ट मला नेहमी वाटते. आपण याला वजीर म्हणतो ते जुन्या काळापासून, आणि त्या जुन्या खेळातला वजीर तिरका फक्त एक घर चालायचा, राजाच्या शेजारी राहणारा सल्लागार. आजची पटभर धाव त्याला मिळाली ती पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपात. फोनवर शिकलेली मुलं आता त्याला राणी किंवा क्वीन म्हणतात. नाव काहीही घ्या, नवख्या माणसाला ती ताकद भुरळ घालते, आणि ते स्वाभाविकच आहे.

आता तुम्ही काळ्यानं बसला आहात आणि समोरून दुसऱ्याच चालीला वजीर एच५वर आला, तर काय कराल? घाबरून लगेच जी६ खेळू नका. वजीर ई५वरचं प्यादं शह देऊन खातो आणि कोपऱ्यातला हत्तीही जातो. राजा ई७वर तर चुकूनही नको, वजीर ई५वर येऊन तिथंच मात करतो. आधी घोडा सी६वर आणून ई५ राखा. उंट सी४वर आला की मग जी६. वजीर एफ३वर गेला की घोडा एफ६. एवढं केलंत की पटावर घाई समोरच्याला आहे, तुम्हाला नाही.

ही खेळी फक्त नवखेच खेळतात असंही नाही. २००५मध्ये डेन्मार्क-स्वीडनमधल्या स्पर्धेत अमेरिकेच्या हिकारू नाकामुरानं चेन्नईच्या कृष्णन शशिकिरणविरुद्ध दुसऱ्याच चालीला वजीर एच५वर नेला. दोघंही ग्रँडमास्टर. शशिकिरणनं शांतपणे घोडा सी६, मग जी६, मग घोडा एफ६, म्हणजे वर सांगितलं तेच खेळलं. चटकन मात वगैरे काही झाली नाही, डाव लांबला आणि शेवटी शशिकिरण जिंकला. तो डाव जरूर खेळून पाहा. वजीर लवकर आला म्हणून पांढरा लगेच कोसळत नाही, हेही त्यात दिसतं. फक्त पहिल्या चालीचा जो फायदा पांढऱ्याकडे असतो तो विरून जातो.

स्कँडिनेव्हियन बचाव त्याहून शिकण्यासारखा आहे. ई४ला काळा डी५नं उत्तर देतो, पांढरा ते प्यादं मारतो आणि काळ्याचा वजीर दुसऱ्याच चालीला डी५वर येतो. पांढऱ्याचा घोडा सी३वर येऊन त्याला हाकलतो, म्हणजे एक चाल जातेच. तरी विश्वनाथन आनंदनं १९९५च्या न्यूयॉर्कमधल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात कास्पारोवविरुद्ध हे खेळून पाहिलं (डाव मात्र हरला), आणि मॅग्नस कार्लसननं २०१४च्या ऑलिम्पियाडमध्ये कारुआनाला यातूनच हरवलं. कसं जमतं? वजीर ए५वर गेला की तिथं त्याला सहज कुणी गाठत नाही, सी६ खेळलं की परतीची वाट मोकळी राहते, आणि मोबदल्यात पांढऱ्याचं मधलं प्यादं गेलेलं असतं. एक चाल दिली, पण मोजून दिली.

मोजण्यात चूक झाली तर मोठ्यांनाही भोगावं लागतं. १९७२, आइसलँडमधलं रेक्याविक, फिशर-स्पास्की जगज्जेतेपदाच्या सामन्यातला अकरावा डाव. बॉबी फिशरनं सिसिलियन बचावात (ई४ला सी५चं उत्तर) बी२वरचं 'विषारी' प्यादं वजिरानं खाल्लं. सातव्या डावात त्यानं हेच केलं होतं आणि बरोबरी साधली होती. या वेळी स्पास्कीनं चौदाव्या चालीला घोडा सी३वरून परत बी१वर, मूळ घरात नेला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती छपाईची चूक वाटली होती. पण त्या माघारीनं वजिराभोवतीचा फास आवळत गेला आणि अखेर वजीर गेला, डावही गेला. सामना पुढे फिशरनंच जिंकला, पण हा डाव मी मुलांना दाखवतोच.

स्वतःपुरतं सांगायचं तर, त्या स्पर्धेनंतर मी एक महिना ठरवून खेळलो. दोन्ही घोडे, निदान एक उंट बाहेर आणि कॅसलिंग (राजा दोन घरं हत्तीकडे, हत्ती उडी मारून त्याच्या पलीकडे) झाल्याशिवाय वजिराला हात लावायचा नाही. पहिल्या आठवड्यात हात शिवशिवायचा. मग हळूहळू पटाच्या मध्यावर काय चाललंय ते दिसायला लागलं. हा महिना प्रत्येक नवख्यानं काढावा असं मला मनापासून वाटतं.

पण महिनाच. कारण पुढे मी उलट्या चुकीत अडकलो, वजीर हलवायला भिऊ लागलो. ई४, ई५, घोडा एफ३, आणि समोरच्यानं ई५ राखायला एफ६ खेळलं. इथं घोड्यानं ई५ खायचं, प्याद्यानं घोडा मारला की वजीर एच५वर शह! जी६ आडवं घातलं तर ई५ शहासकट आणि मागोमाग हत्ती. राजा ई७वर आला तर ई५, मग उंट सी४, आणि राजा उघड्यावर भटकतो. याला डॅमियानोचा बचाव म्हणतात, आणि एफ६ वाईट आहे हे त्या पोर्तुगीज माणसानं १५१२मध्येच छापून सांगितलं होतं, तरी नाव त्याचंच चिकटलं. मी अशा डावात "वजीर लवकर नको" म्हणून घोडा परत घेतला होता. तिथं वजिराला काम होतं, शहासकट काम होतं, आणि त्याला हाकलायला कुणी मोकळं नव्हतं.

तेव्हापासून वजीर उचलण्याआधी मी त्या नव्या घराकडे समोरच्याच्या बाजूनं पाहतो. इथं आल्यावर मला कोण हाकलेल, आणि ती हाकलणारी चाल त्याला आधीपासूनच खेळायची होती का? हो असेल तर वजीर जागेवर. शांतपणे पाहायला वीस सेकंद पुरतात. हात लावला की तोच मोहरा चालवायचा हा स्पर्धेतला नियम, त्यामुळे पाहायचं ते हात मांडीवर असतानाच.

आणि प्रत्येक स्पर्धेनंतर चालींचे कागद घेऊन पहिल्या दहा चालींतल्या माझ्या वजिराच्या चालींभोवती लाल पेनानं गोल करतो. त्या मुलीबरोबरच्या कागदावर पाच गोल आहेत, तो मी जपून ठेवलाय. गेल्या स्पर्धेत सात डाव मिळून चार गोल निघाले. तीन ठीक होते. चौथा चौथ्या फेरीतला, बी२वरचं प्यादं खायला गेलेला, आणि तिथून वजीर घरी आणायला मला तीन चाली लागल्या.