नजर चुकवली म्हणून कुणी खोटं ठरत नाही

नजर चुकवणं, नाक खाजवणं, पाय हलवत बसणं. खोटारडा ओळखायच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या खुणांवर फारसं विसंबता येत नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली चोवीस हजारांहून जास्त लोकांचे निकाल एकत्र तपासले. नुसतं बघून-ऐकून खरं-खोटं ओळखताना लोक शंभरात सरासरी 54 वेळा बरोबर ठरले. छापा-काटा केला तरी पन्नास येतात! घाम आणि चुळबुळ ही धास्तीची लक्षणं आहेत. चौकीत बसवलेला निरपराध माणूसही घामाघूम होतो. शिवाय थोरामोठ्यांसमोर मान खाली घालायची, हे आपल्याकडे लहानपणीच शिकवलेलं असतं. सराईत थापाड्या मात्र मुद्दाम डोळ्याला डोळा भिडवतो, कारण लोक काय बघतात हे त्यालाही ठाऊक असतं. ‘डोळे वर उजवीकडे गेले की थाप’ हे तर 2012 मध्ये प्रयोग करून पाहिलं, टिकलं नाही.

मग करायचं काय? समजा, जुनी गाडी घेताय. मीटरवर 41,000 किलोमीटर आहेत, पण सर्व्हिसिंगच्या नोंदीत दोन वर्षांपूर्वीच 62,000 दिसतायत. तो कागद लगेच काढू नका.

आधी गाडी विकणाऱ्याची नेहमीची लकब बघा. हवापाण्याच्या गप्पांवरून ती ठरवू नका, कारण व्यवहाराचा विषय निघाला की खरं बोलणाराही ताठरतो. त्यापेक्षा व्यवहारातलेच, पण उत्तर तुम्हाला आधीच माहीत असलेले दोन-तीन प्रश्न विचारा: मालक कितवा, विमा कधी संपतो. उत्तराआधी तो किती थांबतो, हात किती चालतात, तपशील किती देतो, हे ध्यानात ठेवा.

मग मुद्द्याकडे या. ‘खरं सांगा, मीटर मागे फिरवलाय ना?’ असं विचारलंत तर ‘नाही’ एवढंच मिळेल. ‘गाडी रोज कुठे जायची? शेवटची सर्व्हिसिंग कुठे केली, तेव्हा किती चालली होती?’ असे मोकळे प्रश्न टाका आणि गप्प बसा. मधे बोललात तर त्याला विचार करायला उसंत मिळते. खोटं रचणाऱ्याचं डोकं गुंतलेलं असतं, म्हणून हातवारे बऱ्याचदा कमीच होतात. मात्र एका खुणेवर निकाल देऊ नका. त्याच प्रश्नाला पुन्हा तसंच होतंय का, ते पाहा. हकीकत शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावली, की पाठ केलेली गोष्ट अडखळते.

कागद सगळ्यात शेवटी. स्वीडनमध्ये 2006 साली पुरावा असा मागे ठेवून प्रश्न विचारायला शिकवलेल्या प्रशिक्षणार्थी पोलिसांनी सुमारे 85 टक्के वेळा बरोबर ओळखलं. न शिकवलेल्यांनी 56 टक्के.

कागद दाखवल्यावरही खुलासा ऐकून घ्या. मीटर बिघडून बदललेला असू शकतो. तसं असेल तर त्याचं बिल मागा.