एका कागदातला गावचा सुपरहिरो: आठ पानी कॉमिक कसं करायचं

चित्राच्या आधी हिरोची उणीव ठरवा. पोरांच्या हाती कागद दिला की पहिला हिरो उडतो, अदृश्य होतो, डोळ्यांतून आगही सोडतो. मग तिसऱ्या पानावर गोष्ट संपते, कारण त्याला अडवणारं काही उरतच नाही. १९३८ साली जेरी सिगेल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅन आणला, तेव्हा तो उडत नव्हता, लांब उड्या मारायचा. पुढे शक्ती वाढत गेल्या आणि १९४९ साली कॉमिकमध्ये त्याला निकामी करणारं क्रिप्टोनाइट आलं. इतकी वर्षं वाचक त्याला धरून आहेत ते त्याच्या मुठीपेक्षा या धास्तीपायी, असं आमचं ठाम मत आहे.

म्हणून एकच शक्ती द्या आणि उणीव त्या शक्तीतूनच काढा. समजा, तुरीच्या वावरात जागलीला जाणारी पोरगी. तिला अंधारात दिवसासारखं दिसतं, पण डोळ्यांवर टॉर्च पडली की काहीच दिसत नाही. इकडून रानडुकरं शिरली, तिकडून धुऱ्यावरून बाबा टॉर्च घेऊन धावले. झाली गोष्ट सुरू.

पेहराव ठरला की आकृती पूर्ण काळी रंगवून शेजारच्या पोराला दाखवा. ओळखू आली नाही तर बदला. डोक्यावर गाडगं आणि हातात खराटा, एवढ्यावर गाडगेबाबा सावलीतही ओळखू येतात. ही नजर त्यांच्याकडून घ्या. त्यांनाच हिरो मात्र करू नका. ज्यांच्या फोटोला घरी हार घालतात, त्यांच्या हातून चूक दाखवायला पोरं धजत नाहीत, आणि हिरो चुकला नाही तर गोष्ट तिथंच अडते.

आता कागद. ए-फोर कागद तीनदा निम्मा दुमडला की आठ चौकोन पडतात. उलगडा, आडवा ठेवा आणि मधल्या आडव्या घडीवर फक्त मधले दोन चौकोन कापा, साधारण १५ सेंमी. कडेपर्यंत कापलं तर कागदाचे दोन तुकडे होतात. लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकला, की पुस्तिका तयार. पानांचे आकडे आत्ताच पेन्सिलीनं टाका आणि मगच उलगडून चित्रं काढा. वरची ओळ उलटी येते. आकडे नसले तर हमखास चार पानं डोक्यावर उभी राहतात.

एका पानावर दोनच चौकटी. आधी संवाद लिहा, मग त्याभोवती फुगा काढा. फुगा आधी काढला तर वेलांट्या आणि मात्रा बाहेर सांडतात. आधी बोलणारा डावीकडे.

शेवटी काळ्या पेननं गिरवा, कारण झेरॉक्समध्ये पेन्सिल आणि निळं बॉलपेन फिकं पडतं. कडेला १ सेंमी जागा सोडा, नाहीतर मशीन अक्षरं खातं. मूळ कागद उलगडून सपाट फाइलमध्ये ठेवा आणि यापुढे घड्या फक्त झेरॉक्सला घाला.