यादीत ४०, मैदानात ११

प्रथमोपचार, अग्निशामक, दोरीच्या गाठी हे सगळं प्रशिक्षणात येतंच. आपत्तीच्या वेळी मदत करणाऱ्या स्वयंसेवकांची तुकडी बांधायला घेतली असेल, तर मी कुठे तोंडघशी पडले तेवढं सांगते.

माझ्याकडे ४० प्रशिक्षित नावं होती. सगळ्या यंत्रणांच्या एकत्रित रंगीत तालमीला आले ११. लोकांना गांभीर्यच नाही म्हणून चिडले आणि एकेकाला फोन लावत बसले. पाच जणी परिचारिका, त्यांना रुग्णालयाने बोलावून घेतलेलं. तिघे वीजपुरवठ्यात, दोघे अग्निशमन दलात. आठ जणांच्या घरी तान्हं मूल नाहीतर अंथरुणाला खिळलेलं माणूस. खोटं कुणीच बोललं नव्हतं. मीच विचारलं नव्हतं.

उत्साही माणूस सगळीकडेच नाव देतो, आणि प्रत्येक यादीवाला त्याला आपला धरतो. कागदावर चार माणसं, प्रत्यक्षात एकच. म्हणून नाव लिहितानाच विचारा: आपत्तीच्या दिवशी तुम्हाला आधी कोण बोलावेल? घरी कुणाला टाकून येता येणार नाही? उत्तर नावापुढेच लिहा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. नोकऱ्या बदलतात, घरात पाळणा हलतो. ही नावं खोडू मात्र नका. इतर दिवशी परिचारिकेइतकं चांगलं शिकवणारं कुणी मिळत नाही. फक्त पहिल्या तासाच्या संख्याबळात तिला धरू नका. पुन्हा सांगते, धरू नका.

एका दुपारात मिळणाऱ्या ऑनलाइन प्रमाणपत्रांवर माझा काडीचा विश्वास नाही. हृदय बंद पडलेल्या माणसाला देतात तसे सरावाच्या पुतळ्याच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, सलग दोन मिनिटं देऊन बघा, मग बोलू. मार्गदर्शकही स्वतःच्या चुका सांगणारा शोधा, नुसत्या पराक्रमाच्या गोष्टी ऐकवणारा नको.

बिनबोलावता धावणाऱ्याला आवरा, वाईटपणा आला तरी चालेल. १९८५च्या मेक्सिको सिटी भूकंपात प्रशिक्षण नसलेल्या लोकांनी सुमारे ८०० जीव वाचवले, पण मदतीला गेलेले शंभराहून अधिक जण स्वतःच दगावले.

तुमच्याकडेही ११च आले तर खचू नका. खरा आकडा तालमीत कळला, हे नशीबच. पुढच्या खेपेला मी पहिल्या तासासाठी २४च नावं धरली, २१ आले. एका परिचारिकेचा तर आदल्या दिवशीच फोन आला, "ताई, मला उद्या मोजू नका."