एसएसडीचे नव्याचे नऊ दिवस आधी संपवा, मग वेग मोजा

फायनल इयरच्या प्रोजेक्टना एक्स्टर्नल म्हणून गेले की एसएसडीच्या (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये साठवणाऱ्या ड्राइव्हच्या) वेगाचा आलेख हमखास समोर येतो. ड्राइव्ह 500 जीबीचा, खोक्यातून काढून थेट लावलेला. त्यावर एक जीबीची फाइल लिहिली आणि वेग आला सेकंदाला तीन हजार एमबी. मी विचारते, "मोजायच्या आधी ड्राइव्ह किती भरला होता?" मग मुलं एकमेकांकडे बघतात. माझं रोजचं कामच एसएसडी तपासायचं, त्यामुळे हा प्रश्न मला सोडवत नाही.

एसएसडीतल्या नँड फ्लॅश या मेमरी चिपमध्ये लिहिता येतं पानापानाने, पण पुसायचा तर शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक. लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही. म्हणून कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हचा कारभार बघणारी चिप, नवी प्रत दुसरीकडे लिहितो आणि जुनं पान बाद धरतो. रिकामे ब्लॉक आहेत तोवर मजा. ते संपले की चांगली पानं उचलून दुसरीकडे हलवायची, ब्लॉक पुसायचा आणि मगच तुमचं लिखाण घ्यायचं; ही आवराआवर म्हणजे गार्बेज कलेक्शन. त्यात टीएलसी प्रकारच्या फ्लॅशच्या एका सेलमध्ये तीन बिट, म्हणजे विद्युतभाराच्या आठ पातळ्या ओळखायच्या. हे हळू काम, म्हणून बरेच ड्राइव्ह सुरुवातीला काही सेलमध्ये एकच बिट ठेवतात आणि सवडीने आवरतात. ही झाली ड्राइव्हची कॅश. तुमची एक जीबीची फाइल त्या ओसरीवरच थांबते, घरात जातच नाही.

तर आता मोजायचं कसं. लिनक्स ज्यावर आहे तो ड्राइव्ह वेगळा ठेवा आणि ड्राइव्हची यादी दाखवणारी 'एलएसबीएलके' कमांड चालवून नाव दोनदा वाचा, कारण थेट डिव्हाइसवर लिहिलं की आतलं सगळं जातं. वेग मोजायचं साधन 'एफआयओ', जेन्स अ‍ॅक्सबोने लिहिलेलं. त्यात 'डायरेक्ट=1' हे सेटिंग विसरलात तर लिनक्सची पेज कॅश (रॅममधली तात्पुरती साठवण) आडवी येते आणि तुम्ही रॅमचा वेग मोजता. लिहायला नुसती शून्यं देऊ नका, काही कंट्रोलर डेटा दाबून (कॉम्प्रेस करून) लिहितात. दर वेळी नवा डेटा भरणारं 'रिफिल बफर्स' चालू ठेवा.

आधी 'बीएलकेडिस्कार्ड' कमांडने ड्राइव्ह मोकळा करा, म्हणजे प्रत्येक चाचणीची सुरुवात सारखी होईल. मग 128 केबीच्या तुकड्यांनी पूर्ण ड्राइव्ह ओळीने दोनदा भरा. इथे धीर लागतो. सेकंदाला 500 एमबीने एक फेरी सतरा मिनिटांत होते, पण कॅश संपून वेग 100वर आला तर तीच फेरी ऐंशी मिनिटांच्या पुढे जाते. लॅब पाचला बंद होत असेल तर सकाळीच लावा. त्यानंतर 4 केबीचं रँडम लिखाण सुरू करा आणि दर मिनिटाचा आकडा नोंदवत राहा. एफआयओला 'टाइम बेस्ड' हे सेटिंग दिलं नाही तर दिलेला आकार लिहून झाला की तो थांबतो.

आलेख आधी उंच, मग कड्यासारखा खाली, मग बराचसा सपाट. सपाट झाला हे डोळ्यांनी ठरवू नका. एसएनआयए या साठवण उद्योगाच्या संघटनेची कसोटी साधी आहे: मोजणीच्या (भरण्याच्या नव्हे) शेवटच्या पाच फेऱ्यांत सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यातला फरक सरासरीच्या 20 टक्क्यांत हवा, आणि त्यांतून काढलेल्या सरळ रेषेचा चढउतार 10 टक्क्यांत. हे जमलं की पुढचे आकडे तुमचे.

वाचनाच्या चाचणीत अजून एक गंमत. मोकळ्या केलेल्या ड्राइव्हवरून वाचलंत तर त्या पत्त्यावर काहीच नाही हे कंट्रोलरला तक्त्यातच दिसतं. तो फ्लॅशला हात न लावता शून्यं परत देतो आणि तुमचा वेग आभाळाला भिडतो. वाचायच्या आधी लिहा, एवढंच.

सरासरी लेटन्सी (एका मागणीला लागणारा वेळ) लिहून थांबणारे रिपोर्ट मी परत पाठवते. गार्बेज कलेक्शनचा त्रास सरासरीत बुडून जातो, तो 99.9व्या पर्सेंटाइलला, म्हणजे हजारातल्या सगळ्यात संथ मागणीपाशी, दिसतो. एफआयओ तो आकडा आपणहून छापतो, फक्त खाली स्क्रोल करायचा कंटाळा नको. तापमानही बघा. छोटे एम.2 ड्राइव्ह तापले की स्वतःच वेग कमी करतात, आणि मुलं त्या घसरणीचं खापर गार्बेज कलेक्शनवर फोडतात. समोर साधा पंखा लावून चाचणी पुन्हा करा, फरक लगेच कळतो.

ड्राइव्ह कॉलेजचा असेल तर झीजही लिहून ठेवा. 'एनव्हीएमई' साधनाच्या स्मार्ट लॉगमध्ये (ड्राइव्हच्या तब्येतीच्या नोंदीत) 'डेटा युनिट्स रिटन' हा आकडा असतो. एक युनिट म्हणजे 5,12,000 बाइट. चाचणीआधीचा आणि नंतरचा आकडा वजा करून गुणा, किती लिहिलंत ते कळेल. हे फक्त तुमच्याकडून गेलेलं लिखाण. आत फ्लॅशवर प्रत्यक्ष किती लिहिलं गेलं ते काही ड्राइव्ह सांगतात, काही सांगत नाहीत. सांगत असेल तर त्या आकड्याला तुमच्या आकड्याने भागा. राइट अ‍ॅम्प्लिफिकेशन, म्हणजे तुमच्या एका लिखाणापायी आत किती पट लिहिलं गेलं ते, हातात येईल आणि रिपोर्टमधलं एक प्रकरण आयतं मिळेल.

रिपोर्टात ड्राइव्हच्या मॉडेलशेजारी फर्मवेअरची आवृत्ती, कर्नल, क्यू डेप्थ (एका वेळी रांगेत ठेवलेल्या मागण्या) आणि एफआयओची जॉब फाइल (चाचणीच्या सेटिंगची) जशीच्या तशी जोडा. व्हायव्हात मी आधी तीच उघडते.