व्हिडिओ लायब्ररीतील जुनी कॅसेट कशी तपासावी, चालवावी आणि जपावी

व्हिडिओ लायब्ररी बंद होऊ लागल्या तेव्हा अनेक दुकानदारांनी आपल्याकडच्या कॅसेट मिळेल त्या किमतीला विकून टाकल्या, आणि त्या घेणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी त्या आजही पडून आहेत. अशी कॅसेट आणि कोणी स्वतःसाठी विकत घेतलेली कॅसेट यांच्यात मोठा फरक असतो. भाड्याने फिरलेली कॅसेट कितीतरी घरांतील यंत्रांतून गेलेली असते. एखाद्या प्रसंगाशी लोकांनी चित्र थांबवलेले असते, मागे नेलेले असते, पुन्हा पाहिलेले असते. चित्र थांबवले की फीत जागच्या जागी उभी राहते, मात्र तिला वाचणारा गोल ड्रम त्याच जागेवर वेगाने फिरत राहतो. त्यामुळे फीत नेमकी तेवढ्याच ठिकाणी झिजते. चांगले चाललेले चित्र एकाच प्रसंगापाशी फाटू लागले, त्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या आणि प्रसंग संपताच ते पुन्हा स्वच्छ झाले, तर तो बहुधा त्या आळीचा सर्वांत आवडता प्रसंग होता असे समजायला हरकत नाही. लायब्ररीची कॅसेट जपायची म्हणजे तिच्यातील चित्रपटाबरोबर या खुणाही जपायच्या, असे माझे मत आहे, आणि पुढील सर्व सूचना त्याच दृष्टीने लिहिल्या आहेत.

हे काम लांबणीवर टाकू नये. व्हीएचएस ही घरगुती व्हिडिओ कॅसेटची पद्धत जेव्हीसी या जपानी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणली आणि तिचे यंत्र बनवणारी शेवटची मोठी कंपनी, फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. म्हणजे आज हाती येणारा प्रत्येक व्हीसीआर (कॅसेट नोंदणारे आणि चालवणारे यंत्र) किंवा व्हीसीपी (केवळ चालवणारे यंत्र) जुनाच असणार. त्याचे रबरी पट्टे सैल पडतात, दाब देणारी रबरी चाके कडक होतात आणि सुटे भाग मिळणे दिवसेंदिवस अवघड होत जाते. फीतही वयानुसार थकते. फितीवरील चुंबकीय थर ज्या द्रव्याने चिकटवलेला असतो ते हवेतील दमट ओलावा शोषते आणि हळूहळू आपली पकड सोडते.

कॅसेट यंत्रात घालण्याआधी तिची बाहेरून नोंद करावी. वेष्टनाच्या सर्व बाजू, कॅसेटच्या कण्यावरील पट्टी, दुकानाचा क्रमांक, विभाग दाखवणारा रंगीत ठिपका, ‘पाहून झाल्यावर कॅसेट मागे गुंडाळून द्यावी’ अशी सूचना आणि हाताने लिहिलेली नावे या सर्वांची सपाट उजेडात छायाचित्रे घ्यावीत किंवा ३०० डीपीआयवर स्कॅन करावे. चिकटपट्टी सोलून खालचे मूळ छापील चित्र पाहण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. जुना डिंक कागदाचा वरचा थर घेऊनच निघतो, आणि दुकानाने चिकटवलेली पट्टी हाच या वस्तूचा सर्वांत दुर्मीळ भाग आहे, कारण चित्रपट अन्यत्र मिळू शकेल, ती पट्टी मिळणार नाही. वेष्टनाचा कणा पुढच्या बाजूपेक्षा फिका पडला असेल तर ती कॅसेट वर्षानुवर्षे उजेडाकडे कणा करून फळीवर उभी होती हेही वहीत लिहून ठेवावे. वेष्टनात एखाद्या सभासदाचे कार्ड किंवा नावानिशी पावती सापडली तर ती स्वतःजवळ ठेवावी, पण तिचे छायाचित्र कोणालाही पाठवू नये. कोणी काय पाहिले ही त्या माणसाची खासगी बाब आहे.

त्यानंतर फितीची तपासणी करावी. कॅसेटच्या पुढच्या झाकणाच्या कडेला एक बारीक कळ असते. ती दाबली की झाकण वर उचलता येते आणि फितीचा एक तुकडा दिसतो. त्याला बोट लावू नये. फीत सपाट, एकसारख्या काळपट रंगाची असावी. कडा चुरगळलेली किंवा मध्ये घडी पडलेली असेल तर ती जागा यंत्रात अडकण्याची शक्यता असते. तळाशी मधोमध असलेल्या छोट्या भोकात पेनाचे बोथट टोक घातले की दोन्ही चाकांचा अडसर सुटतो आणि ती हाताने फिरवून पाहता येतात. चाक मोकळे फिरले तर ठीक, जड गेले तर जोर करू नये.

सर्वांत काळजीपूर्वक पाहायची गोष्ट म्हणजे बुरशी. वरच्या पारदर्शक खिडकीतून गुंडाळलेल्या फितीच्या कडेकडे तिरक्या उजेडात पाहावे. पांढरी भुकटी, जाळीसारखे धागे किंवा फुलासारखे डाग दिसले तर ती कॅसेट लगेच वेगळ्या पिशवीत बंद करावी. मी सुरुवातीला एक अशी कॅसेट ‘थोडीच तर आहे’ म्हणून चांगल्या यंत्रात घातली, आणि त्यानंतर त्याच यंत्रात चालवलेल्या तीन स्वच्छ कॅसेटच्या फितीवर ती भुकटी पसरली. त्यांपैकी एकीवर मला हवा असलेला चित्रपट होता. बुरशी साफ करण्याचे काम मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालूनच करावे, किंवा ते या कामाची सवय असलेल्या माणसाकडे सोपवावे. कॅसेट भावनिक दृष्ट्या मोलाची असेल तर दुसरा मार्गच बरा.

कवच फुटलेले असेल तर आतील फीत दुसऱ्या, नको असलेल्या कॅसेटच्या कवचात बसवता येते. तळाचे पाच स्क्रू काढून वरचा भाग सरळ उचलावा आणि फीत कोणत्या चाकावरून, कोणत्या खांबामागून गेली आहे याचे छायाचित्र काहीही हलवण्यापूर्वी घ्यावे, कारण आतील बारीक स्प्रिंग एकदा उडाली की तिची मूळ जागा आठवत नाही. जुने कवच टाकू नये, त्याच्यावरच दुकानाची चिठ्ठी असते. फीत तुटली असल्यास ती जोडण्यासाठी मिळणारी खास चिकटपट्टीच वापरावी आणि ती चमकदार चुंबकीय बाजूला न लावता मागच्या बाजूला लावावी. घरातील साध्या चिकटपट्टीचा डिंक कालांतराने बाहेर झिरपतो आणि यंत्राच्या हेडवर, म्हणजे ड्रमवरील फीत वाचणाऱ्या टोकावर बसतो. जोड केवळ फीत पुढे सरकावी एवढ्यासाठी असतो; जोडलेली जागा वारंवार चालवू नये.

आता यंत्राकडे वळू. जुना व्हीसीपी मिळाल्यावर त्यात आधी गमावली तरी चालेल अशी कॅसेट घालून पाहावी. चित्रात सगळीकडे मुंग्या दिसत असतील तर बहुधा हेड मळलेले असते. त्यासाठी यंत्राची पिन काढून, झाकण उघडून, तिरका बसवलेला चकचकीत ड्रम शोधावा. वीजपुरवठ्याच्या भागाला हात लावू नये, तेथे पिन काढल्यानंतरही काही काळ विद्युतभार राहू शकतो. धागे न सुटणारे मऊ चामडे किंवा कापड नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओले करावे, ते ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरावे आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या कडेने सावकाश फिरवावा. कापड वर-खाली कधीही घासू नये. ड्रमच्या कडेतून बाहेर डोकावणारे हेडचे टोक इतके नाजूक असते की एका फटक्यात ते मोडते. कानाच्या कापूसकाड्याही येथे नकोत, त्यांचे धागे त्या टोकात अडकतात. ड्रम पूर्ण वाळू द्यावा आणि मगच कॅसेट घालावी. ही काळजी का, हे वेग पाहिला की लक्षात येते. पाल आणि एनटीएससी या दूरचित्रवाणीच्या चित्राच्या दोन पद्धती. पाल पद्धतीत हा ड्रम मिनिटाला १५०० वेळा आणि एनटीएससी पद्धतीत सुमारे १८०० वेळा फिरतो, आणि ओलाव्याने फीत त्याला चिकटली तर ती क्षणात चुरगळते. कॅसेट कोणत्या पद्धतीची आहे ते वेष्टनावर पाहावे, कारण प्रत्येक यंत्र दोन्ही पद्धती वाचू शकत नाही.

कॅसेट थंड किंवा दमट जागेतून आणली असेल तर ती चालवण्यापूर्वी एक पूर्ण दिवस खोलीच्या तापमानात ठेवावी. मग ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा सुरुवातीपर्यंत मागे न्यावी, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच ताणात बसलेली फीत मोकळी होऊन सारखी गुंडाळली जाते. या वेळी यंत्रापासून दूर जाऊ नये. आवाज एकसुरी असावा. किरकिर ऐकू आली किंवा वेग मंदावला तर तत्काळ थांबवावे. चालवताना चित्रात आडवा पट्टा आला तर ट्रॅकिंगची, म्हणजे हेड आणि फितीवरील नोंद जुळवणारी कळ थोडी थोडी फिरवून तो वर किंवा खाली घालवता येतो. हाय-फाय आवाजात, म्हणजे फिरत्या ड्रमने वाचलेल्या स्टिरिओ आवाजात, खरखर येत असेल तर यंत्र साध्या मोनो आवाजावर आणावे. हा मोनो आवाज फितीच्या कडेवरील वेगळ्या पट्टीवर नोंदलेला असतो आणि पुष्कळदा तो अखेरपर्यंत टिकतो.

संगणकावर प्रत उतरवण्यापूर्वी हक्कांचा विचार करावा. घरगुती चित्रणाची प्रत हा आपला प्रश्न असतो, पण लायब्ररीच्या कॅसेटवरील चित्रपट दुसऱ्याच्या मालकीचा असतो आणि त्याची प्रत काढण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत; ते आधी समजून घ्यावेत आणि प्रत कोठेही प्रसिद्ध करू नये. भाड्याच्या अनेक कॅसेटमध्ये १९८५ पासून मॅक्रोव्हिजन नावाचे संरक्षण असे, ज्यामुळे नोंदणाऱ्या यंत्रात चित्र आलटून पालटून उजळते आणि काळवंडते. असे दिसले तर फीत खराब झाली असा समज करून घेऊ नये. ज्या कॅसेटची प्रत काढण्याचा आपल्याला अधिकार आहे तिच्यासाठी पिवळ्या तारेने चित्र आणि पांढऱ्या व लाल तारांनी आवाज कॅप्चर कार्डाला (चित्र आणि आवाज संगणकात उतरवणाऱ्या साधनाला) जोडावा, आणि शक्य असल्यास मध्ये टाइम बेस करेक्टर ठेवावा, कारण जुन्या फितीतील ओळींची थरथर तोच सावरतो. संगणकावरची पहिली, म्हणजे मूळ प्रत फार आकुंचित न करता ठेवावी. डीव्ही या डिजिटल व्हिडिओच्या स्वरूपात एका तासाला सुमारे १३ गीगाबाइट जागा लागते. पाहण्यासाठी लहान प्रत नंतर तिच्यापासून बनवता येते.

येथे एक आग्रहाची गोष्ट. नोंद कॅसेटच्या पहिल्या क्षणापासून सुरू करावी. चित्रपटाआधीच्या जाहिराती, येणाऱ्या चित्रपटांच्या झलकी, रिकामा निळा पडदा आणि तो झिजलेला प्रसंग यांतील काहीही मूळ प्रतीतून कापू नये किंवा सॉफ्टवेअरने ‘सुधारू’ नये. चित्राच्या तळाशी थरथरणारी एक अरुंद पट्टी दिसेल. तो बिघाड नाही. हेड बदलताना ती नेहमीच उमटत असे, पण जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या चौकटीआड ती लपलेली राही. शक्य असेल तर कॅसेट एकदा तशाच जुन्या, फुगीर काचेच्या संचावर पाहावी. सपाट पडद्यावर जे चित्र मळकट वाटते ते तेथे मऊ आणि भरीव दिसते, कारण ते त्याच पडद्यासाठी बनवलेले होते.

काम झाल्यावर प्रतीच्या तीन नकला कराव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात आणि एक दुसऱ्या घरात ठेवावी. कॅसेट सुरुवातीपर्यंत गुंडाळून, कणा सरळ ठेवून, पुस्तकाप्रमाणे उभी ठेवावी. जागा कोरडी, सुमारे २० अंश तापमानाची, उन्हापासून आणि लाउडस्पीकरच्या चुंबकापासून दूर असावी. काही वर्षांनी एकदा ती पूर्ण पुढे आणि मागे फिरवावी. छायाचित्रांच्या फोल्डरला दुकानाच्या चिठ्ठीवरील क्रमांकच नाव म्हणून द्यावा, वहीतील नोंदीवर कोणत्या मिनिटाला चित्र फाटते ते लिहावे, आणि कॅसेट तिच्या मूळ वेष्टनात घालून तो क्रमांक समोर दिसेल अशी फळीवर लावावी.