शिशाच्या वजनांशिवाय ट्रक-ट्रेलरच्या चाकांचं बॅलन्सिंग कसं करावं

पुणे-बंगळूर हायवेवर बेळगाव ते निपाणी गाडी चालवणाऱ्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, पुढच्या चाकाची एक ठरलेली तक्रार ऐकायला मिळेल. पन्नासपर्यंत गाडी शांत असते, काटा साठच्या पुढे सरकला की स्टेअरिंग थरथरायला लागतं आणि पंच्याहत्तरला हात बधिर होतात. हे बहुतेक वेळा बॅलन्सिंगचं, म्हणजे चाकाचं वजन चहूबाजूंनी सारखं नसल्याचं दुखणं असतं. पण आपल्याकडे जड गाड्यांचं बॅलन्सिंग फारसं कोणी करत नाही. केलंच तर डिस्कच्या, म्हणजे टायर बसतो त्या लोखंडी चाकाच्या, कडेला शिशाचे तुकडे ठोकतात आणि ते चोर्ल्याच्या नाहीतर अनमोडच्या घाटात कधी गळून पडतात ते कळतही नाही.

शिसं नको म्हणण्याचं पहिलं कारण माणसाचं आहे. शिसं विषारी आहे. लहान मुलांच्या रक्तात त्याचं सुरक्षित म्हणावं असं प्रमाणच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते 327 अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे साध्या शेगडीवरही वितळवून वजनं पाडता येतात. त्या धुराजवळ उभा राहणारा बहुतेक वेळा गॅरेजमधला सगळ्यात लहान पोऱ्या असतो आणि कपड्यांवरची धूळ त्याच्याबरोबर घरी जाते. युरोपीय संघाने 2005 पासून मोटारींच्या चाकांवर शिशाच्या वजनांना बंदी घातली ती उगाच नाही. दुसरं कारण कामाचं. घाटात ड्रम तापला की चिकटवलेली वजनं सुटतात आणि जुन्या लॉक रिंगच्या (टायर धरून ठेवणारी सुटी लोखंडी कडी असलेल्या) डिस्कवर क्लिपची वजनं नीट पकडच घेत नाहीत.

बॅलन्सिंगकडे दुर्लक्ष का करू नये, ते हिशोबाने बघा. ट्रकच्या चाकाची त्रिज्या साधारण अर्धा मीटर. ताशी 80 किलोमीटरला ते सेकंदाला जवळजवळ सात फेरे घेतं. टायरच्या एका बाजूला नुसतं 100 ग्रॅम जादा वजन असलं, तर या वेगाला ते सुमारे दहा किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढतं, आणि ही ओढ सेकंदाला सात वेळा गोल फिरते. वेग निम्मा केला की हा जोर पाव होतो. म्हणून चाळीसला काही जाणवत नाही. हा मार किंगपिन, टायरॉड एंड (पुढची चाकं वळवणारे सांधे) आणि बेअरिंग खातात, आणि टायर एका जागी खड्डे पडल्यासारखा झिजतो.

आधी दुखणं ओळखा

फक्त ठरावीक वेगाच्या वर थरथर असेल तर बॅलन्सिंग बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट (चाकांचा सरळपणा) किंवा हवा बघा. फक्त ब्रेक दाबल्यावर हादरत असेल तर ड्रम अंडाकृती झालाय. आणि वीस-तीसच्या वेगालाच चाक डुगडुगत असेल तर डिस्क वाकली आहे किंवा टायरच्या आतले थर सुटलेत. अशा टायरला बॅलन्सिंगचा उपयोग नाही आणि तो पुढच्या चाकाला तर अजिबात ठेवू नये.

चाक धुवा

ही पायरी साधी वाटते, म्हणून सगळे टाळतात. बेळगावात उद्यमबागेच्या बाजूच्या एका टायरवाल्याकडे खानापूरकडून आलेला ड्रायव्हर म्हणत होता, "दादा, नवीन टायर घातलाय, तरी हलतंय बघा." टायरवाल्याने विचारलं, "मामा, डिस्क आतून बघितलीत काय?" चाक उतरवलं तर डिस्कच्या आतल्या खोबणीत एका बाजूला तांबड्या मातीचा तळहाताएवढा गड्डा वाळून दगड झाला होता. टॉमीने (लोखंडी पहारीने) खरवडून काढला आणि तागडीत टाकला, तर पाव किलोच्या वर भरला. खानापूर भागातली तांबडी माती असो नाहीतर अथणी-बैलहोंगलकडची काळी, पावसाळ्यात ती आत बसते आणि उन्हात घट्ट होते. जोडचाकांच्या मध्ये अडकलेला दगडही याच वेळी काढा. बऱ्याच गाड्यांची थरथर इथेच संपते, एक रुपया न घालवता.

टायर डिस्कवर नीट बसवा

चाक उतरवण्याआधी गाडी सपाट जागेवर घ्या, दुसऱ्या चाकांना उटी (अडकण) लावा आणि नुसत्या जॅकवर विसंबू नका, एक्सलखाली घोडी (लोखंडी स्टँड) ठेवा. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, जोडचाकं असतील तर दोन्हींची, आणि मगच नट सैल करा. लॉक रिंगची डिस्क असेल तर परत हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा. सुटलेल्या रिंगने माणसं जागच्या जागी गेली आहेत. पिंजरा नसलेल्या ठिकाणी हे काम करूच नका.

डिस्कची टायर बसायची जागा तारेच्या ब्रशने गंज जाईपर्यंत घासा. नवीन टायरवर रंगाचा ठिपका दिसतो. पिवळा ठिपका म्हणजे टायरची हलकी बाजू, तो व्हॉल्व्हपाशी आणा. लाल ठिपका म्हणजे टायर फिरताना उंच पडणारी बाजू. डिस्कवर सखल जागेची खूण असेल तर लाल ठिपका तिच्याशी जुळवा आणि पिवळ्याकडे बघू नका. रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेल्या) टायरवर हे ठिपके राहत नाहीत, तिथे खालची तपासणी जास्त काळजीने करावी लागते.

हवा भरल्यावर टायरच्या कडेला, डिस्कला लागून एक बारीक गोल रेघ दिसते. ती रेघ आणि डिस्कची कड यांच्यातलं अंतर चार ठिकाणी मोजा. सगळीकडे सारखं हवं. दीड-दोन मिलिमीटरच्या वर फरक असेल तर टायर वाकडा बसलाय. हवा सोडा, कडेला साबणपाणी लावा, परत भरा. मग चाक गाडीला लावून हाताने फिरवा आणि टायरच्या नक्षीजवळ एक खिळा स्थिर धरून अंतर बघा. पुढच्या चाकाला वर-खाली अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर टायर डिस्कवर अर्धा फेरा फिरवून बसवा आणि पुन्हा बघा. चाक गोल फिरत नसेल तर त्यात काहीही घाला, थरथर जाणार नाही.

आता शिशाच्या जागी काय

ट्यूबलेस टायर असेल, उदाहरणार्थ 295/80 आर 22.5, तर माझी पसंती टायरच्या आत घालायच्या काचेच्या नाहीतर सिरॅमिकच्या बारीक मण्यांना आहे. गाडी उभी असताना मणी तळाशी पडून असतात. वेग चाळीसच्या आसपास गेला की ते आतून टायरला चिकटून पसरतात. चाकाची जड बाजू चाकाला फिरण्याच्या मध्यापासून किंचित सरकवते आणि त्यामुळे सुटे मणी आपोआप हलक्या बाजूकडे सरकतात. टायर झिजला, हलकी बाजू बदलली, तर मणीही जागा बदलतात. ठोकलेल्या वजनाला हे जमत नाही.

या मापाच्या टायरला साधारण 300 ते 350 ग्रॅम मणी लागतात. नेमका आकडा पाकिटावरच्या तक्त्यातून घ्या आणि दोन्ही पुढच्या चाकांना सारखेच घाला. टायरची शेवटची कड डिस्कवर चढवण्याआधी ते आत टाकायचे. टायर चढलेला असेल तर पिन काढून व्हॉल्व्हमधून बाटलीने भरता येतात, फक्त वेळ लागतो. साबणपाणी कडेलाच लावा, आत ओलावा राहू देऊ नका. हवा भरण्याआधी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी खालच्या कॉकमधून सोडायला सांगा. पावसाळ्यात त्यातून चांगलं तांब्याभर पाणी निघतं, आणि ओले मणी गोळा होऊन बसले की खर्च फुकट जातो. व्हॉल्व्हला जाळी असलेली पिन लावा. हवा तपासताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला येईल अशी गाडी उभी करा, म्हणजे मणी पिनेत अडकत नाहीत. मणी घातलेलं चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवू नका, दर वेळी वेगळाच आकडा येईल. त्याची परीक्षा रस्त्यावरच.

आत ट्यूब आणि तिच्याखाली रबरी पट्टी (फ्लॅप) असलेला 10.00-20 टायर असेल तर ट्यूब आणि टायर यांच्यामध्ये मणी अजिबात घालू नका, ट्यूब घासून फाटेल. तिथे बॅलन्सिंग रिंग लावा. ही पोकळ कडी ड्रम आणि डिस्क यांच्यामध्ये स्टडवर बसते आणि तिच्या आतले धातूचे बारीक छर्रे हेच काम करतात. टायर बदलला तरी रिंग तशीच राहते, त्यामुळे महाग पडली तरी वर्षानुवर्षं चालते. घेण्याआधी स्टडची संख्या, स्टडच्या वर्तुळाचा व्यास आणि मधलं भोक मोजा. रिंग बसवल्यावर नट पूर्ण चढून स्टडचे दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर ती रिंग त्या गाडीची नाही. ड्रम आणि डिस्क टेकतात त्या जागी रंग किंवा गंज ठेवू नका, नाहीतर नट सैल पडतात.

लोखंडाची किंवा जस्ताची ठोकायची वजनंही मिळतात. ती शिशापेक्षा हलकी असल्याने तेवढ्याच ग्रॅमला आकाराने मोठी असतात, तेव्हा ब्रेकच्या भागांना घासत नाहीत ना ते चाक हाताने फिरवून बघा.

ट्रेलरच्या चाकांनाही हेच सगळं लागू आहे, पण पैसे मोजकेच असतील तर आधी पुढची दोन चाकं, मग हाउसिंगची (ट्रकच्या मागच्या एक्सलची), मग ट्रेलरची असा क्रम ठेवा. चिकोडी-निपाणी भागात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांनी मात्र यात पडू नये. वीस-पंचवीसच्या वेगाला मणी काम करत नाहीत आणि तिथे बॅलन्सिंगची गरजही नाही. तोच पैसा हंगामाआधी बेअरिंग, ग्रीस आणि मागच्या रिफ्लेक्टरवर घाला.

बसवल्यानंतर

नट समोरासमोरचे, आलटून पालटून आवळा. 22 मिलिमीटर जाडीचे दहा स्टड असलेल्या चाकाला नट आवळायचा जोर सहसा 600 ते 680 न्यूटन मीटर लागतो, पण गाडीच्या पुस्तकातला आकडा अंतिम. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. बेळगावहून भरून निघालात तर कोल्हापूरला पोचल्यावर हे काम उरका. चाचणीसाठी गाडी रिकामी घ्या, थांबल्या जागेवरून हळूहळू साठपर्यंत न्या आणि पाचेक किलोमीटर एकसारखी चालवा. पहिल्या मिनिटात थोडी थरथर जाणवेल, मणी जागेवर जाईपर्यंत. त्यानंतरही ती तशीच राहिली तर चाक पुन्हा उतरवून गोलाई मोजा, मणी वाढवत बसू नका.

शेवटी व्हॉल्व्हशेजारी डिस्कवर पिवळ्या रंगाने ‘आत मणी आहेत’ असं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून ठेवा. रात्री संकेश्वरच्या पुढे पंक्चर झालं तर तिथला माणूस टायरमध्ये सीलंटचं (भोक बुजवायचं) द्रावण ओतणार नाही आणि उघडल्यावर मणी कचरा समजून झाडून टाकणार नाही. कोरडे असतील तर तेच मणी गाळून पुन्हा वापरता येतात.