टॅटिंगसाठी दोरा रंगवताना आधी लांबी ठरवावी, मग रंग

हाताने रंगवलेल्या दोऱ्याची लडी पाहताना जी रंगसंगती मन वेधून घेते, ती टॅटिंगच्या, म्हणजे शटल या दोन पात्यांच्या छोट्या साधनावर दोरा भरून गाठी घालत केलेल्या लेसमध्ये उतरल्यावर पुष्कळदा ओळखू येत नाही. निळ्याच्या जागी अर्धी निळी आणि अर्धी जांभळी रिंग (गाठींचे बंद कडे) तयार होते, पिको (गाठींमध्ये सोडलेले छोटे फास) भलत्याच रंगात पडतात आणि नक्षीचा आकार ठिपक्यांच्या गर्दीत हरवतो. त्याचे कारण बहुतेक वेळा रंगांच्या निवडीत नसते. लडीवर प्रत्येक रंगाचा पट्टा किती लांब आहे आणि आपल्या हातची एक रिंग किती दोरा खाते, या दोन मापांचा मेळ बसलेला नसतो. म्हणून रंगाच्या बाटल्या उघडण्याआधी मोजपट्टी आणि शटल हाती घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

दोरा शंभर टक्के सुती, मर्सराइज्ड (कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेने चकाकी आणलेला) आणि घट्ट पिळाचा असावा. मर्सराइज्ड सूत रंग अधिक गडद धरते आणि गुळगुळीत असल्यामुळे रिंग ओढून बंद करताना गाठी त्यावरून सहज सरकतात. भरतकामाचा सैल पिळाचा दोरा दिसायला सुंदर असला, तरी शटलच्या टोकांमधून वारंवार जाताना तो पिंजतो. दोऱ्याचा क्रमांक जितका मोठा तितका दोरा बारीक, हे लक्षात ठेवून पहिल्या प्रयोगासाठी 20 क्रमांकाचा दोरा घ्यावा. त्यात गाठी स्पष्ट दिसतात आणि माप घेणेही सोपे जाते. पॉलिएस्टर मिसळलेला दोरा टाळावा, कारण सुतासाठीचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग त्यावर चढत नाहीत.

आता माप. जी नक्षी प्रत्यक्ष करायची आहे तिचीच रिंग, त्याच क्रमांकाच्या पांढऱ्या दोऱ्याने करून पाहावी. उदाहरणार्थ, पाच दुहेरी गाठी (दोन अर्ध्या गाठी मिळून एक दुहेरी गाठ) आणि एक पिको असे तीनदा करून शेवटी पाच दुहेरी गाठी, म्हणजे एकूण वीस गाठींची रिंग घेऊ. आधीच्या रिंगच्या पायापासून शटलकडे जाणाऱ्या दोऱ्यावर बरोबर 100 सेंमी अंतरावर शिवणाच्या रंगीत धाग्याची खूण बांधावी. मग रिंग पूर्ण करून बंद करावी, पुढच्या रिंगपर्यंत जेवढे अंतर सोडायचे तेवढे सोडावे आणि तेथून खुणेपर्यंत उरलेला दोरा मोजावा. 100 मधून हा आकडा वजा केला की एका रिंगचा खर्च कळतो. चार-पाच रिंगांची सरासरी काढावी, कारण पहिल्या रिंगेत हाताचा ताण अजून स्थिरावलेला नसतो. पिकोची उंची जेवढी बदलते त्याच्या दुपटीने खर्च बदलतो, कारण प्रत्येक पिकोमध्ये दोरा वर जातो आणि परत खाली येतो. हे माप दुसऱ्या कोणाच्या कामावरून उसने घेता येत नाही. त्याच दोऱ्यात त्याच गाठी घालणाऱ्या दोघांचे आकडे सहज वेगळे येतात.

येथे रिंगची रचना समजून घेतली पाहिजे. एका शटलने रिंग करताना दोऱ्याचा आधीचा भाग गाठींमध्ये जातो आणि त्याच्या पुढचा भाग त्या गाठींच्या पोटातून गाभा म्हणून धावतो. म्हणजे प्रत्येक रिंगच्या शेवटी जवळजवळ रिंगच्या परिघाएवढा दोरा डोळ्यांआड होतो, आणि त्या तुकड्यावर चढवलेला रंग लेसमध्ये दिसतच नाही. रंग अचानक उडी मारल्यासारखा बदलतो तो बहुधा यामुळे. त्याचा फायदाही करून घेता येतो. दोन रंगांमधला मिसळलेला, काहीसा मळकट संधिभाग या झाकलेल्या तुकड्यात पडेल अशी योजना केली, तर प्रत्येक रिंग स्वच्छ रंगात सुरू होते.

समजा, एका रिंगचा खर्च अंतरासह 20 सेंमी आला. एका रंगाच्या तीन रिंगा हव्या असतील तर पट्टा 60 सेंमीचा हवा, आणि असे तीन रंग घ्यायचे असतील तर लडीचा घेर 180 सेंमी ठेवावा. दोन खुर्च्यांच्या पाठी आवश्यक अंतरावर ठेवून त्यांच्याभोवती दोरा गुंडाळला की हव्या त्या घेराची लडी मिळते. एका रंगाची एकच रिंग साधावी, म्हणून 20 सेंमीचेच पट्टे रंगवण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. दर रिंगमागे फक्त एक सेंमीचा फरक पडला तरी दहा रिंगांनंतर रंग अर्ध्या रिंगने सरकलेला असतो. तीन-चार रिंगांचे लांब पट्टे हा फरक सहज पचवतात. याउलट, दोन-तीन सेंमीचे अगदी छोटे पट्टे मुद्दाम केले तर सर्वत्र सारखी बुट्टेदार छटा येते आणि तीही शोभून दिसते. मधल्या लांबीचे पट्टे मात्र धड रिंग भरत नाहीत आणि धड बुट्टेही वाटत नाहीत.

रिंग आणि चेन (रिंगांना जोडणारी गाठींची कमान) अशी दोन्हींची नक्षी असेल तर हिशेब वेगळा होतो. चेनमध्ये गाठी गुंड्यावरून येणाऱ्या दुसऱ्या दोऱ्याच्या असतात आणि शटलचा दोरा केवळ गाभ्यातून जातो. त्यामुळे चेन करताना गुंड्याचा दोरा भराभर संपतो आणि शटलचा दोरा चेनच्या लांबीएवढाच पुढे सरकतो. माझ्या मते रंगवलेल्या दोऱ्याचे खरे सौंदर्य येथे खुलते. शटलवर एकरंगी दोरा आणि गुंड्यावर रंगवलेला दोरा ठेवला, की रिंगा शांत राहतात आणि चेनमधून रंग वाहत जातात. चेनचा खर्चही वरच्याच पद्धतीने, गुंड्याच्या दोऱ्यावर खूण बांधून मोजावा.

लडी तयार झाली की चार ठिकाणी इंग्रजी आठच्या आकारात सैल बंध घालावेत. बंध आवळले तर त्याखाली रंग शिरत नाही आणि पांढरे डाग राहतात. नंतर लडी सौम्य साबण आणि थोडा धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात धुवावी, कारण दोऱ्यावर असलेले तेल आणि खळ रंगाला अडवतात. सूत धुताना किंचित आटते, म्हणून पट्ट्यांच्या खुणा धुतल्यानंतरच कराव्यात. टॅटिंगचा घट्ट पिळाचा दोरा पाणी हळू पितो, तेव्हा भिजवण्यात घाई करू नये.

घरी काम करण्यासाठी थंड पाण्यातले रिअ‍ॅक्टिव्ह रंग मला सर्वांत भरवशाचे वाटतात, कारण ते सुताशी रासायनिक बंध जोडतात आणि नीट धुतल्यावर पुढे सुटत नाहीत. एक लीटर पाण्यात साधारण 50 ते 60 ग्रॅम सोडा ॲश (रंग सुतावर पक्का बसवणारी क्षारयुक्त पूड) विरघळवून त्यात लडी अर्धा तास बुडवून ठेवावी आणि पिळून घ्यावी. रंगाची पूड 100 मिलि पाण्यात एक ते दोन ग्रॅम या प्रमाणात कालवावी. पूड हाताळताना नाकातोंडावर मास्क आणि हातात रबरी मोजे असलेच पाहिजेत, आणि या कामासाठी वापरलेली भांडी पुन्हा स्वयंपाकात घेऊ नयेत. प्लास्टिकच्या कागदावर लडी पसरून, आधी केलेल्या खुणांप्रमाणे, सुई नसलेल्या सिरिंजने किंवा ब्रशने रंग सोडावा आणि बोटांनी दाबून तो आतल्या धाग्यांपर्यंत पोहोचवावा. लडी उलटून मागची बाजूही तपासावी. रंग ओलाव्यातून पसरतो, म्हणून दोन पट्ट्यांमध्ये सुमारे एक सेंमी जागा कोरी सोडली तर ती आपोआप भरून निघते.

शेजारी कोणते रंग ठेवावेत, याचा विचार या पसरण्यावरूनच करावा. पिवळा आणि नारिंगी, निळा आणि हिरवा यांच्या सीमेवर सुंदर मधली छटा येते, तर लाल आणि हिरवा भेटतात तेथे तपकिरी डाग पडतो. टॅटिंगचे काम बारीक असते आणि त्याची ओळख गाठींच्या रांगेत व पिकोंच्या कडेत असते. अतिशय गडद आणि अतिशय फिका रंग सतत आलटून-पालटून आले की डोळा रंगाच्या मागे धावतो आणि गाठी दिसेनाशा होतात. एकाच रंगाच्या दोन-तीन जवळच्या छटा घेतल्या, तर नक्षी आणि रंग दोन्ही टिकतात.

रंगवलेली लडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून 20 अंश सेल्सिअसहून उबदार जागी 12 ते 24 तास ठेवावी. नंतर आधी थंड पाण्याने सोडा काढून टाकावा आणि मग चांगल्या गरम पाण्यात, पाणी नितळ होईपर्यंत, पुन्हा पुन्हा धुवावे. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण न चिकटलेला रंग गरम पाण्यानेच निघतो, आणि तो आत राहिला तर पुढे पांढऱ्या दोऱ्याशेजारी ओघळतो. ओला दोरा पांढऱ्या कापडात दाबून पाहावा. डाग उमटला तर आणखी धुवावे. वाळवताना लडीच्या खालच्या टोकाला हलके वजन अडकवले, की दोरा सरळ वाळतो.

शटल भरताना दोरा पात्यांच्या बाहेर येऊ देऊ नये. शटलवर शेवटी गुंडाळलेला दोरा सर्वांत आधी वापरात येतो, त्यामुळे रंगांचा क्रम उलटा होतो. ज्या रंगाने लेस सुरू करायची तो पट्टा शेवटी गुंडाळला जाईल असे पाहावे आणि काम पट्ट्याच्या मध्यावरून नव्हे, तर त्याच्या आरंभापासून सुरू करावे. गाठ घालताना फास शटलच्या दोऱ्याचा पडला असेल, तर शटलचा दोरा ताणून आणि हातावरचा (बोटांभोवती घेतलेला) दोरा सैल सोडून तो हातावरच्या दोऱ्यावर उलटवावा लागतो. हे उलटणे जमले नाही तर रिंग बंदच होत नाही. नवशिक्यांनी शटल आणि गुंडा यांवर दोन वेगळे रंग घेऊन चेनचा सराव करावा. गाठ गुंड्याच्या रंगाची दिसली तर ती बरोबर पडली, इतकी सोपी खूण त्यात मिळते.

जोडणीच्या जागी, म्हणजे नवी रिंग आधीच्या रिंगच्या पिकोला जोडताना, मात्र रंगवलेल्या दोऱ्याबाबत काटेकोर राहावे लागते. आधीच्या रिंगच्या पिकोमधून नवा दोरा खालून वर ओढला की नव्या रंगाचा एक ठिपका जुन्या रंगावर उमटतो. तो सुलट बाजूला नको असेल तर दोरा पिकोच्या वर धरून, क्रोशाच्या सुईने खाली ओढून जोडणी करावी, म्हणजे ठिपका मागच्या बाजूला जातो. दोरा संपल्यावर नवा दोरा रिंगच्या पायाशी, त्याच रंगाच्या पट्ट्यातून सुरू करावा. आठ सेंमी टोक सोडून ते बारीक सुईने त्याच रंगाच्या गाठींमध्ये लपवावे.

पूर्ण झालेली लेस कोमट पाण्यात भिजवून, न गंजणाऱ्या टाचण्यांनी जाड पांढऱ्या कापडावर प्रत्येक पिको हळूच ताणून बसवावी आणि सावलीत पूर्ण वाळेपर्यंत तशीच ठेवावी.